सारणाचा पाव

गेल्या नाताळात नात सुट्टीला मालवणात आली होती. मोबाईलवर तिला एका केकची कृती सापडली आणि तो करायचाच असं तिनं ठरवून टाकलं. नाव होतं 'कॉफी केक'. मी आपलं ओट्यावर सामान मांडताना कॉफीची बाटलीसुद्धा काढून ठेवली. ती हसायलाच लागली. "आजी, यात कॉफी नसते गं! कॉफीबरोबर खायचा म्हणून कॉफी केक."

झालं! पस्तीस वर्षं मुलांना शिकवून अजून नातीकडून शिकायचं बाकी आहेच. मग तिच्याकडून आणि पुढे स्वतः शोधून जे कळलं ते असं. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे दुपारच्या कॉफीबरोबर काहीतरी गोड खायची पद्धत. त्यासाठी यीस्टनं फुगवलेला मैद्याचा गोळा पातळ लाटायचा, त्यावर अक्रोड, साखर, दालचिनी असलं सारण पसरायचं, वळकटी करायची आणि ती बांगडीसारखी साच्यात बसवून भाजायची. स्लोव्हेनियात याच जातीच्या पक्वान्नाला 'पोतित्सा' म्हणतात. वाल्वासोर नावाच्या तिथल्या ग्रंथकारानं १६८९ साली त्याचं वर्णन केलेलं आहे. त्या लोकांचं प्रेम एवढं, की २०२१ साली युरोपीय संघाकडे त्यांनी ते रीतसर नोंदवून घेतलं. मध्य युरोपातली माणसं अमेरिकेत गेली तेव्हा वळकट्याही बरोबर घेऊन गेली आणि तिथून हा पदार्थ नातीच्या मोबाईलपर्यंत आला.

अक्रोड काही आमच्या घरात नव्हते. मी म्हटलं, नारळ आहे, गूळ आहे, चून करू. (आमच्याकडे नारळ-गुळाच्या सारणाला चून म्हणतात. विड्याचा चुना वेगळा. त्याचाही या गोष्टीत पुढे संबंध येणार आहे.) जायफळ-वेलची घालून चून केलं, पसरलं, वळकटी केली आणि केक भट्टीत गेला. वीसेक मिनिटांनी घरभर जो वास सुटला, त्यानं मी खुर्चीत बसले ती उठेचना. कारण तो वास मला नवा नव्हता. सहासष्ट वर्षांपूर्वी एकदा, एकदाच, गोठ्यात उभं राहून मी तो घेतला होता.

त्या गोष्टीकडे येतेच. पण त्याआधी थोडा इतिहास. (शिक्षिकेच्या हातात खडू दिलात तर भोगा!)

माझ्या मनात त्या दिवशी पहिला प्रश्न आला तो असा, की हा पदार्थ आमच्या घरात पूर्वीच का झाला नाही? यात आम्हाला न येण्यासारखं होतं काय? चून तर मोदकाला, पातोळ्यांना, नेवऱ्यांना आम्ही पिढ्यान् पिढ्या करतोय. भाजण्याचं म्हणाल तर आमच्याकडे ओव्हन नव्हता, पण धोंडस होतं. धोंडस म्हणजे जून तवशाचा, म्हणजे पिकल्या काकडीचा, गूळ आणि तांदळाचा रवा घालून केलेला आमचा केकच. जाड बुडाच्या टोपात मिश्रण ओतायचं, चुलीतला जाळ काढून नुसत्या निखाऱ्यांवर टोप ठेवायचा आणि वर झाकणावरही निखारे घालायचे. खालून-वरून सारखी आच. आजी झाकणाजवळ हात नेऊन सांगायची, झालं की नाही ते. घड्याळ नाही, काटा नाही.

राहिलं पीठ फुगवणं. तर आंबवायची विद्याही आम्हाला परकी नव्हती, आंबोळ्या रोजच्याच. आणि पीठ फुगवणारं सगळ्यात जोरकस द्रव्य तर आमच्या डोक्यावर लटकत होतं: माडी.

माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, दोरीनं आवळून बांधतात. तो हलक्या हातानं ठोकून त्याचं टोक कापलं की त्यातून रस ठिबकायला लागतो. खाली गाडगं. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून टोक पुन्हा थोडं तासायचं, नाहीतर रस थांबतो. ताजा रस म्हणजे नीरा, नुसती गोड. ती गोडच राहावी म्हणून गाडग्याला आतून चुना फासतात (हा तो चुना). चुना नसेल तर हवेतलं, गाडग्यातलं, पोयीवरचं यीस्ट त्या साखरेवर तुटून पडतं. काही तासांत फेस येतो, साखरेचं मद्य आणि वायू होतो. हीच माडी. गोव्यात हिला सूर म्हणतात. या यीस्टमध्ये सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी असतंच, म्हणजे नातीच्या पाकिटात वाळवून भरलेलं होतं तेच. पाकीटबंद यीस्टचा जन्म एकोणिसाव्या शतकातला. हॉलंडच्या डेल्फ्ट गावी यीस्टचा कारखाना निघाला १८६९ साली आणि पाण्यात न भिजवता सरळ पिठात टाकायचं यीस्ट बाजारात आलं १९७० च्या दशकात. वेंगुर्ल्याला डचांनी वखार घातली १६३७ साली. ते आमच्याकडून मिरी-कापड नेत होते तेव्हा यीस्ट आमच्या माडावरच होतं, एवढंच म्हणायचं आहे!

तर चून होतं, आच होती, फेस होता. गहू मात्र नव्हता. किनाऱ्यावर पिकतो तो तांदूळ. पण तांदळातच फेस घालून गोव्यातल्या ख्रिस्ती बायकांनी सान्नां केली, इडलीसारखी पण सुरानं फुगवलेली. कुणी कुणी त्यात नारळ-गुळाचं चूनही भरतात. म्हणजे गव्हावाचून अडलं होतं असंही नाही. अडलं होतं दुसरीकडे.

पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव' वरून आला हे बहुतेकांना ठाऊक असतं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांना तीन वेळा भात खाणं जमेना. गहू बाहेरून आणता येत होता, पण पीठ फुगवायला त्यांच्या देशातलं विरजण इथे नव्हतं. त्या जागी सूर वापरायची युक्ती निघाली आणि गोव्याचा पाव जन्मला. साष्टीतल्या माजोर्डे गावाला गोव्याच्या पावाचं माहेर मानतात. पाव करणारा तो पोदेर, तोही पोर्तुगीज शब्दच.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मी स्वतः ती वर्षानुवर्षं चुकीची सांगत होते. "पाद्र्यांना चर्चमधल्या प्रसादासाठी पाव हवा होता, म्हणून सुराचा पाव निघाला" असं मी वर्गात सांगायचे. एकदा एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानं हात वर केला. "बाई, प्रार्थनेतली भाकर फुगवलेली नसते. पापडासारखी असते." बरोबर होतं त्याचं! रोमन कॅथलिक पद्धतीत मिस्सेची भाकर बिनआंबवलेल्या गव्हाच्या पिठाचीच लागते. म्हणजे सुरानं फुगलेला पाव वेदीसाठी नव्हताच, तो न्याहारीसाठी होता. धर्मानं नव्हे, जिभेनं आणलेला. पण आमच्या बाजूला तो पोचला तो मात्र धर्म होऊनच.

विहिरीत पाव टाकल्याची गोष्ट कोकणात कुणी ऐकलेली नाही? रात्री पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गावानं पाणी प्यालं, मग पाद्री म्हणाले तुम्ही बाटलात, आणि गाव ख्रिस्ती झालं. वसईपासून कारवारपर्यंत अनेक गावं ही गोष्ट स्वतःचीच म्हणून सांगतात. गोव्यात धर्माच्या नावानं सक्ती झाली याबद्दल शंका नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. पण या गोष्टीत मला नेहमी दुसरंच टोचतं. पाणी पिणाऱ्यांना आपल्या जातीतून बाहेर कोणी काढलं? पाद्र्यांनी? छे. ते काम शेजारच्या न प्यालेल्या गावानं केलं. दार बाहेरून कितीही ढकललं असेल, कडी आतून लागली.

आणि हे काही सोळाव्या शतकातच संपलं नाही. पुण्यासारख्या ठिकाणी, १८९० साली, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली. त्यात टिळक होते, रानडे होते. केवढा गहजब झाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेला माणूस, कपभर चहासाठी! रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हे सगळं आहे, जरूर वाचावं.

पुण्यात ही तऱ्हा, तर मालवणच्या एका वाडीतल्या, चार इयत्ता शिकलेल्या माझ्या आजीला मी काय बोल लावू?

आमच्या घरात मासे चालत. पाव चालत नसे. हे आज विचित्र वाटेल, पण तेव्हा ते सूर्य उगवण्याइतकं साधं होतं. आजीचं त्यामागे एक गणित होतं आणि ते तिच्या दृष्टीनं पक्कं होतं. मुंबईचे चाकरमानी गणपतीला बोटीनं येत, ते ट्रंकेतून नानखटाई आणत. ती आजी खायची. का, तर "तुपातली, पाणी लागूक नाय." खारी-बटर कपाळाला आठ्या घालून मुलांना द्यायची, स्वतः शिवायची नाही. आणि पाव म्हटला की, "पाव खाल्लंस तर बाटतलंस." वादच नाही. शेवटच्या आजारात ती एका दवाखान्यात होती. तिथे सकाळी दूध-पाव मिळायचा. ती दूध प्यायची आणि पाव उशाशी कागदात बांधून ठेवायची, मला द्यायला. मी तोवर कॉलेजात पाव खाते हे तिला कळलेलं होतं. मला चालतं म्हणून मला, तिला नाही चालत म्हणून तिला नाही. भांडण नव्हतं.

मी तरुणपणी तिला अडाणी समजायचे. पुढे आमच्या घराण्याची हकिगत जुळवायला लागले तेव्हा जरा थांबले. आमचे मूळपुरुष साष्टीतून निघालेले. शांतादुर्गा पूर्वी साष्टीत केळशीला होती, मंगेश कुठ्ठाळीला. १५६० च्या दशकात भक्तांनी त्यांना तिथून हलवलं आणि खाडीपलीकडे अंत्रूज महालात, कवळ्याला आणि प्रियोळला, नेऊन ठेवलं. कुटुंबं कुठे कुठे पांगली, कोणी कारवारकडे, कोणी आमच्यासारखी तेरेखोलच्या उत्तरेला. म्हणजे ज्या साष्टीत पाव फुगत होता त्याच साष्टीतून, जवळजवळ त्याच काळात, आमची माणसं रातोरात निघत होती. आजीला यातलं एक साल माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की पाव खायचा नाही. चारशे वर्षांत सगळा इतिहास झिजून एवढंच शिल्लक राहिलं होतं.

आणि आमच्या कुंपणापलीकडे? तिकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. घरातल्या म्हातारीला सगळी वाडी 'माय' म्हणायची. त्यांचेही वाडवडील गोव्यातूनच आलेले, बार्देशातून. आता ख्रिस्ती माणसांना पोर्तुगीजांच्या राज्यातून पळायचं काय कारण, असं मला वाटायचं. त्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात (१९६१) सापडलं. इन्क्विझिशनचा बडगा मुख्यतः बाटलेल्यांवरच होता, ते मनातून जुन्या धर्माचे तर राहिले नाहीत ना म्हणून. १७३६ च्या फर्मानात तर स्वयंपाकघरापर्यंत मजल गेली: भात शिजवताना हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही! दारात तुळस नको, हे तर होतंच. १८१२ साली हे प्रकरण कायमचं बंद झालं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. भातात मीठ घातलं नाही म्हणून एका घरावर संशय, आणि पिठात माडी घातली म्हणून दुसऱ्या घरात विटाळ. दोन्ही बायकांच्या चुलीत डोकावून बघणारं कोणीतरी होतं. आणि त्या दोघींच्या नाती-पणती मालवणात एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहत होत्या.

शेजार चांगला होता. मायच्या घरून दर नाताळला आमच्याकडे सूप यायचं. त्यात केळ्यांचा घड, एक नारळ, साखरेची पुडी. शिजवलेलं काही नाही. ते आमच्याकडे चालणार नाही हे तिला माहीत होतं आणि त्याबद्दल तिनं कधी तोंड वाकडं केल्याचं आठवत नाही. आमच्याकडून चतुर्थीला मोदक मात्र जायचे, शिजवलेले. ते ती आनंदानं घ्यायची. या व्यवहारातली एकतर्फी गंमत माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

१९५८ साली मायच्या लेकीचं लग्न ठरलं. मी आठ वर्षांची. त्यांच्यात लग्नाला 'बोल' लागतोच. नातीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात लुसिओ रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पोदेरावरचा धडा होता, त्यातही हा बोल आहे. पीठ, किसलेला नारळ, माडाचा गूळ, आणि फुगवायला सूर. गोल, जाड, तपकिरी. दोदोल, बोल असं सगळं 'वोजें' म्हणून लेकीबरोबर जातं आणि शेजारीपाजारी वाटलं जातं. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी. नीरेचा परवाना मिळे, माडीचा नाही. पण लग्नाचा बोल अडला नाही. माडावर चढणारा गडी कुणाच्या आळीतला आणि चुना न फासलेलं गाडगं कोणत्या माडावर, हे अख्ख्या वाडीला माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं.

लग्नाच्या घाईत म्हणा, आनंदात म्हणा, मायनं त्या वर्षी नेहमीची रीत मोडली. केळ्यांच्या सुपात केळीच्या पानात गुंडाळलेला एक बोल ठेवला. तो घेऊन नवरी मुलगी स्वतः आली. आजीनं हसून सूप घेतलं, तिच्या हातावर साडीचं कापड ठेवलं, आशीर्वाद दिला. ती वळून गेल्यावर केळी आत घेतली आणि बोल पानासकट माझ्या हातात दिला. "गायीक घाल."

मी गोठ्यात गेले. पान उघडलं. अजून कोमट होता. नारळ, गूळ आणि त्याच्या मागून किंचित आंबूस असा तो वास. मी इकडेतिकडे बघितलं, एक कोपरा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला गायीपुढे धरला. गायीनं तो दोन घासांत संपवला. वर बघितलं तर कुंपणापलीकडे विहिरीवर माय उभी. हातात दोर. तिनं काय काय बघितलं कोणास ठाऊक. तिनं मान फिरवली आणि पाणी ओढायला लागली.

पुढच्या नाताळला सूप आलं. केळी, नारळ, साखर. त्याच्या पुढच्यालाही. माय १९६७ साली गेली, आजी १९६९ मध्ये. दोघी शेवटपर्यंत एकमेकींशी गोड बोलत राहिल्या. बोल मात्र पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर पाव आमच्याकडे कसा शिरला हे सांगायला फार वेळ लागणार नाही, कारण तो शिरताना कोणी बघितलंच नाही. १९५६ पासून अमेरिकेचा गहू यायला लागला, साठच्या दशकात दुष्काळात तर रेशनवर तांदळाबरोबर गहू घ्यावाच लागे. १९६५ साली सरकारनं मॉडर्न ब्रेड काढला, म्हणजे पावावर सरकारी शिक्काच बसला. एस.टी. स्टँडवर उसळ-पाव मिळायला लागला. शाळेच्या सहलीत मी स्वतः चाळीस मुलांना वडापाव वाटले आहेत, त्यात सगळ्या जातींची मुलं होती, आणि एकाही पालकाची तक्रार आली नाही. कुठे प्रायश्चित्त नाही, कुठे सभा नाही. ज्यासाठी गावं फुटली ते तीन-चार दशकांत विरून गेलं. आज आमच्याकडे सकाळी दारात बेकरीवाल्याचा भोंगा वाजला नाही तर चुकल्यासारखं होतं. गंमत म्हणजे पाव घरोघरी आला आणि त्यातली माडी गेली. माडावर चढणारे उरले नाहीत, बेकऱ्यांना पाकिटातलं यीस्ट सोपं. गोव्यातल्या बहुतेक पोदेरांनीही सूर सोडला.

आता केकचं सांगते. नातीबरोबर केलेला पहिला साफ फसला! वरून सोन्यासारखा, कापला तर आत वळकटीच्या वेढ्यांमध्ये पोकळ्या आणि तळाशी ओला चिकट थर. चुनाचा दोष. अक्रोड-साखरेचं सारण कोरडं असतं, नारळाला पाणी सुटतं. मोदकाला ते चालतं, कारण मोदक वाफेवरचा. भाजायच्या पदार्थात तेच पाणी पीठ शिजू देत नाही, आणि त्याची वाफ वेढे एकमेकांपासून सोडवते. नात सुट्टी संपून गेली, पण मला काही चैन पडेना. मी एकटीनं पुन्हा केला. आणि म्हटलं, करायचाच आहे तर माडी घालूनच.

शेजारच्या गावातून एका परवानेवाल्याकडून पाव लिटर माडी आणवली. सकाळी उतरवलेली, दहा वाजेपर्यंत चांगला फेस आलेली. (संध्याकाळची घेऊ नये, आंबट होते.) अर्धा किलो मैदा, चवीला मीठ, चार चमचे साखर, दोन मोठे चमचे लोणी आणि मावेल तेवढी कोमट केलेली माडी. गरम करायची नाही, यीस्ट मरतं. पाकिटातलं यीस्ट आमच्या हवेत तासाभरात पीठ दुप्पट करतं. माडीला सहा तास लागले. दुपारी दोनदा मी झाकण उघडून बघितलं, दोन्ही वेळा वाटलं, गेलं वाया. चार वाजता फुगलं. चून मंद आचेवर कढईची कड सोडेपर्यंत परतलं आणि त्यात काजूचा भरड कूट घातला, राहिलेलं पाणी ओढून घ्यायला. पूर्ण गार केलं. लाटलेल्या पोळीवर पातळ पसरलं, घट्ट वळकटी, तिला टाचणीनं सात-आठ भोकं, वाफ जायला. पुन्हा तासभर फुगू दिलं आणि १८० अंशांवर चाळीस मिनिटं.

या खेपेला जमला.

ती जी नवरी मुलगी होती ना, ती आता सहाऐंशी वर्षांची आहे. जन्म मुंबईत काढून नवऱ्यामागे पुन्हा इथे, त्याच घरात येऊन राहिली आहे. अर्धा केक केळीच्या पानात गुंडाळला आणि मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. आताशा दृष्टी तिला कमी आहे. तिनं पान नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

"सूर घातलंस?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं तुकडा मोडून खाल्ला, सावकाश. मग म्हणाली, "तुझ्या आजयेन आमचो बोल गायीक घातल्यान होतो मा? आवशीन बघल्यान होता."

मी काय उत्तर देणार! म्हटलं, "आजीनं नाही, मीच घातला. पण एक कोपरा मी खाल्ला होता."

"ता पण बघल्यान होता," ती म्हणाली, आणि दात नसलेल्या तोंडानं हसायला लागली. "घराक येऊन माका सांगल्यान, चेडवान खाल्ल्यान गो."

मग पानातला दुसरा तुकडा उचलला, बोटानं चाचपला आणि म्हणाली, "चून अजून सुकाक व्हया होता."